कचऱ्यातलं सोनं कुणाच्या बापाचं?



सध्या देशात एक नवं कीर्तन रंगात आलंय. कचऱ्यातून सोनं! मंत्री बोलतो, कारखानदार बोलतो, एसी हॉलात परिषदा भरवणारे पर्यावरणवाले बोलतात. प्लॅस्टिकचं रीसायकलिंग हा म्हणे उद्याचा मोठा उद्योग. विकसनशील देशाला त्यातून रोजगार मिळणार, नद्या साफ होणार, समुद्र निळा होणार. होऊ द्या. पण या कीर्तनात एक गोष्ट कुणी बोलत नाही. हा उद्योग उद्या उभा राहायचा नाहीये. तो कधीचाच उभा आहे. आणि ज्यांच्या मानेवर उभा आहे त्यांची जात कुणी विचारत नाही. आम्ही विचारणार. कारण एरवी आमची जात विचारल्याशिवाय या देशात कुणी आम्हाला खोली भाड्यानं देत नाही.

सरकारचाच आकडा घ्या. २०२०-२१ साली देशात सुमारे ४१ लाख टन प्लॅस्टिक कचरा झाला असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगतं. विलायतेतल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली वेगळा हिशेब मांडला. गोळा न होता उघड्यावर पडणारं, उघड्यावर जळणारं प्लॅस्टिक भारतात वर्षाला ९३ लाख टन, जगात सगळ्यात जास्त. दोन आकड्यांत एवढी दरी का? कारण सरकार मोजतं ते नगरपालिकेच्या कागदावर चढलेलं. जिथं घंटागाडी जात नाही तिथला कचरा कागदावर चढत नाही. आणि घंटागाडी कुठल्या वस्तीत जात नाही हे तुम्हा-आम्हाला नव्यानं सांगायची गरज नाही.

मी गोदीतला माणूस. शिक्षण दहावी. ठेक्यावर हमाली करतो, कंटेनर उपसतो, उरलेल्या वेळात कविता लिहितो. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून या शहरात आली आणि डम्पिंगवर कचरा वेचायला लागली. तेव्हा तिच्या गोणीत काच, पत्रा, कागद, हाडं असायची. दूध काचेच्या बाटलीत यायचं. मग बाटली गेली, पिशवी आली. तेल पिशवीत आलं, शाम्पू पुडीत आला, पाणीसुद्धा बाटलीत विकायला लागले. गोणी हलकी झाली आणि पोट भरायला जास्त चालावं लागलं. प्लॅस्टिकचा इतिहास मला पुस्तकात वाचावा लागला नाही. तो आजीच्या कमरेच्या दुखण्यात लिहिलेला आहे.

हा धंदा चालतो कसा, ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाई पहाटे निघते. ढिगातून बाटल्या, डबे, दुधाच्या पिशव्या, तुटक्या बादल्या, खुर्च्या वेगळ्या काढते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेते. तो भाव पाडतो, वजनात मारतो, आणि अडीनडीला उचलही देतो, म्हणजे ती दुसरीकडे जाऊ शकत नाही. तिथून माल मोठ्या व्यापाऱ्याकडे. तो जातवारी लावतो. होय, प्लॅस्टिकलाही जात असते. पाण्याच्या बाटलीची वेगळी, दुधाच्या पिशवीची वेगळी, पाइपाची वेगळी, खुर्चीची वेगळी. एक जात दुसरीत मिसळली तर माल नासतो. जातवारी लावणारी माणसं तुकडा वाकवून बघतात, आपटून आवाज ऐकतात, काडीनं पेटवून धुराचा वास घेतात. त्यांच्या नाकात प्रयोगशाळा आहे, आणि त्याच नाकातून विष आत जातं. पीव्हीसी जळलं की आम्लाची वाफ निघते. मग माल धुतात, मशीनमध्ये त्याचा चुरा करतात, वितळवून तार काढतात, तार तोडून दाणा करतात. दाण्याची परत बादली होते, मग होतो, पाइप होतो. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये जाऊन बघा. परिषदेत ज्याला नवं अर्थकारण म्हणतात, ते तिथं पोटमाळ्यावर, पत्र्याखाली, बनियनवर चाललेलं दिसेल.

आता भावाकडे बघा. ढिगापासून दाण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर किलोचा भाव चढतो. सगळ्यात कमी पैसा सगळ्यात खालच्या पायरीला. तिथं घाण सगळ्यात जास्त, कुत्री, सुया, कुजलेलं मांस सगळं तिथं, आणि तिथंच आपली बाई उभी. वर वर जाल तशी घाण कमी होते, पैसा वाढतो, आणि जातही बदलत जाते. हा योगायोग नाही.

मनूनं हे कधीच लिहून ठेवलंय. चांडाळानं गावाबाहेर राहावं, मेलेल्याचे कपडे नेसावेत, फुटक्या भांड्यात खावं. म्हणजे समाजानं जे टाकलं ते त्याचं. टाकलेली वस्तू आणि टाकलेला माणूस यांचं लग्न मनूनं लावलं. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं. पण लग्न काही मोडलं नाही. गावातलं महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, आणि शहरात कचऱ्याचं वतन आलं. ना सनद, ना जमीन, ना बलुतं. तरी पिढीजात. आजीची गोणी आत्याकडे, आत्याची तिच्या पोरीकडे.

आणि म्हणून हे 'कचऱ्यातून सोनं' ऐकलं की मला 'केसरी' आठवतो. बाबासाहेबांनी महारांना मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा 'केसरी'त हिशेब छापून आला होता. मेलेल्या ढोराचं कातडं, शिंगं, हाडं, दात यांचे एवढे एवढे रुपये होतात, आणि हा माणूस महारांचं नुकसान करतोय! १९५६ साली नागपूरला धर्मांतरानंतरच्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाची आठवण काढली. त्यांचं उत्तर सरळ होतं. एवढा फायदा आहे ना, मग तुम्हीच ओढा ढोरं आणि घ्या फायदा. त्यावर कुणी पुढं आलं नाही. आजही तेच. कचऱ्यात सोनं आहे तर पहिल्या पायरीवर या. उतरा ढिगात. उतरत कुणी नाही. सगळ्यांना वरच्या पायरीवरचं टेंडर पाहिजे.

इथं आपल्यातले काही मित्र मला अडवतात. बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडा म्हणून सांगितलं, आणि तू त्या कामाचा उद्योग उभारायची भाषा करतोस? हा सवाल खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. माझं उत्तर असं. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती गुलामी. जन्मानं लादलेलं, हक्काचा पैसा नसलेलं, माणूस म्हणून खाली पाडणारं काम. कातड्याचा कारखाना दिसला म्हणून तो बंद करा असं ते म्हणाले नाहीत. आज काय झालंय? महाराचं ढोर ओढणं सुटलं, आणि चामड्याच्या धंद्यातला मोठा नफा मात्र दुसऱ्यांच्या खिशात गेला. प्लॅस्टिकचं तसंच होऊ द्यायचं का? उद्या आपण 'घाण काम' म्हणून हात झटकले, तर डम्पिंगवरच्या बाईला कोण विचारणार? ती तर सोडू शकत नाही. तिच्यापुढं दुसरी भाकरी नाही. चळवळीनं तिला सोडलं, तर तिला कंपनी धरील. ठेकेदाराच्या टेंपोमागं रोजंदारीवर उभी करील, तिच्याच कचऱ्यावर तिलाच चोर ठरवील.

आणि हे होतंय. २०१६ च्या जानेवारीत देवनारचं डम्पिंग पेटलं, अर्ध्या मुंबईवर धूर पसरला. मग पहारे आले, वेचणाऱ्यांना आत शिरणं मुश्कील झालं. आग लागली की संशयाचं पहिलं बोट वेचणाऱ्याकडे. धारावीच्या पुनर्विकासाचं टेंडर २०२२ साली अदानी समूहाला गेलं, २०२३ साली सरकारनं शिक्का मारला. तेरा कंपाउंडमधला दाणा उद्या कुठं पडणार याचं उत्तर तिथल्या मजुराला कुणी दिलेलं नाही. उलट त्याच योजनेत घरं बांधण्यासाठी देवनारच्या डम्पिंगची जमीन २०२४ साली देण्यात आली. म्हणजे कचरा साफ करणाऱ्यानं आधी कचऱ्यात राबायचं आणि नंतर कचऱ्यावर राहायचं. वा रे विकास!

आता जरा गोदीतलं ऐका. कचरा फक्त आपला नाही. गोऱ्यांच्या देशातली माणसं आपल्या डब्यात प्लॅस्टिक वेगळं टाकतात, पुण्य मिळवतात, आणि तो डबा जहाजात चढतो. वर्षानुवर्षं तो चीनला जायचा. १ जानेवारी २०१८ पासून चीननं दार लावलं. मग तो मलेशिया, व्हिएतनाम, तुर्कस्तान, भारत असा दारोदार फिरू लागला. आपल्याकडे प्लॅस्टिक भंगार आणायला २०१५ मध्ये बंदी घातली, पण विशेष आर्थिक क्षेत्रांची पळवाट ठेवली. ती २०१९ मध्ये बुजवली. त्याच साली बासेल करारात घाणेरड्या, मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या व्यापारावर लगाम घालणारा बदल झाला, तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण कागद कंटेनर उघडत नाही. कंटेनर आम्ही उघडतो. रद्दी कागद म्हणून आलेल्या गठ्ठ्यातून परदेशी दुधाचे डबे नि पिशव्या बाहेर पडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. त्यातला कुबट वास बघून मला वाटलं, जगाचंही एक गावकूस आहे, आणि आपला सगळा देश त्याच्या बाहेर आहे. फरक एवढाच की गावकुसाबाहेरही पुन्हा एक गावकूस आहे.

आता कायद्याकडे या. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारनं प्लॅस्टिकबंदी काढली, २३ जूनपासून पाच हजाराचा दंड सुरू केला. दंड कुणी भरला? भाजीवालीनं, वडापाववाल्यानं. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनं काही एकदा-वापरून-फेकायच्या वस्तूंवर बंदी आणली. स्ट्रॉ गेली, काडी गेली. शाम्पूची बहुपदरी पुडी राहिली. ती पुडी कुणी वेचत नाही, कारण तिच्यात प्लॅस्टिक नि अॅल्युमिनियम असे चिकटवलेले थर असतात, ते सुटत नाहीत, म्हणून तिला भाव नाही. ज्यानं ती बनवली त्यानं करोडो कमावले. ती सिमेंटच्या भट्टीत जळते, नाहीतर गटारात तुंबते आणि पावसाळ्यात आपल्या झोपडीत पाणी आणते.

१६ फेब्रुवारी २०२२ ला आणखी एक नियम आला. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. अर्थ साधा आहे. ज्या कंपनीनं जेवढं प्लॅस्टिक बाजारात सोडलं तेवढं तिनं परत गोळा करून मार्गी लावायचं, २०२३-२४ पासून शंभर टक्के. कडक पॅकिंगमध्ये २०२५-२६ ला तीस टक्के जुनं प्लॅस्टिक वापरायचं, आणि ते २०२८-२९ पर्यंत साठ टक्क्यांवर न्यायचं. नियम चांगला आहे, मी म्हणतो तो पाहिजेच. पण कंपनी ढिगात उतरत नाही. ती नोंदणी झालेल्या रीसायकलरकडून प्रमाणपत्र विकत घेते. म्हणजे पैसा कंपनीकडून रीसायकलरकडे जातो, आणि तिथंच थांबतो. ज्या बाईनं बाटली वेचली तिचं नाव त्या प्रमाणपत्रावर नाही. हिशेब प्लॅस्टिकच्या किलोचा आहे, माणसाचा नाही. आणि त्या किलोचं तरी काय? २०२३ साली केंद्रीय मंडळानं तपासणी केली तेव्हा लाखो प्रमाणपत्रं खोटी निघाली. कचरा उचललाच नाही, कागद मात्र विकला गेला. माझ्या आजीनं चाळीस वर्षं कचरा उचलला, तिच्याकडे एक कागद नाही. यांनी एक बाटली न उचलता कागदांचा ढीग लावला. प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र मात्र आम्हीच दाखवायचं!

मग करायचं काय? नुसत्या शिव्या घालून पान भरता येतं, पोट भरत नाही. मी गोदीतून उदाहरण देतो. एकेकाळी गोदी कामगार म्हणजे टोळीवाल्याचा गुलाम होता. जहाज लागलं तर काम, नाही तर उपाशी. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. त्यातून नोंदणी आली, बोर्ड आलं, पाळीनं काम वाटणं आलं. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाचा मालक कोण, हा सवाल होता. आज हा व्यापारी, उद्या तो. कायद्यानं उत्तर दिलं. जो जो हमालाकडून ओझं उचलून घेईल त्यानं मजुरीशिवाय वर लेव्ही बोर्डात भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस. मालक कुणीही असो, हमालाचा हक्क बोर्डात जमा. या बोर्डांचं पुढं काय झालं, कंटेनर आल्यावर आमच्यासारखे ठेक्यावरचे कसे बाहेर राहिले, ते मला माहीत आहे, मी रोज भोगतो. पण तत्त्व पक्कं आहे. कचरा वेचणारीचा मालक कोण? ज्यानं ज्यानं प्लॅस्टिक बाजारात सोडलं तो प्रत्येक कंपनीवाला. नियमानं जबाबदारी त्याची आहे हे सरकारनंच कबूल केलंय. मग टनामागं लेव्ही घ्या आणि ती वेचणाऱ्यांच्या बोर्डात जमा करा. प्रमाणपत्र विकत घेतलं तरी लेव्ही सुटणार नाही.

हे स्वप्न नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुतेक बाया दलित. त्यांनी भांडून महानगरपालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळवली, आरोग्य विमा मिळवला. २००८ साली त्यांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा घ्यायचा, घरटी शुल्क घ्यायचं, आणि भंगारावर हक्क वेचणारीचा. दर काही वर्षांनी तो करार मोडून मोठ्या ठेकेदाराला देण्याचा घाट घातला जातो, दर वेळी त्या बाया रस्त्यावर येतात. दूर कोलंबियात बघा. १९९२ साली बॅरँक्विला शहरात एका खाजगी विद्यापीठाच्या आवारात कचरा वेचणाऱ्यांची प्रेतं सापडली. त्यांना मारून त्यांची शरीरं वैद्यकीय शिक्षणाला वापरत होते. टाकाऊ वस्तू वेचणारा माणूसही टाकाऊ, हाच तो मनू, फक्त स्पॅनिश बोलणारा. त्या रक्ताच्या आठवणीत १ मार्च हा जगभर कचरा वेचणाऱ्यांचा दिवस झाला. त्या देशातले वेचणारे संघटित झाले, घटना न्यायालयात गेले, आणि २०१३ पासून बोगोटा शहर त्यांना गोळा केलेल्या मालाच्या वजनाप्रमाणे सेवेचा पैसा देऊ लागलं. भंगाराचा भाव वेगळा, सेवेचा मोबदला वेगळा. ही अक्कल आपल्या नगरसेवकांना कधी येणार?

तर आमच्या मागण्या अशा. एक, लेव्ही आणि बोर्ड. दोन, प्रत्येक वॉर्डात वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला छप्पर, पाणी आणि वजनकाटा असलेली जागा. तीन, दाब देऊन गठ्ठा बांधणारं मशीन, चुऱ्याचं मशीन, धुण्याची टाकी आणि सांडपाणी साफ करायची सोय, मालकी बायांची. मजुरी वाढवून गुलामी संपत नाही, मशीन हातात आलं की पायरी बदलते. चार, ज्या पुडीला भाव नाही ती उचलण्याचे पैसे पुडीवाल्या कंपनीनं द्यायचे, नाही तर पुडी एका जातीच्या प्लॅस्टिकची करायची. पाच, वेचणारीचं पोर गोणीत नाही, शाळेत. तिथून पुढं ते प्लॅस्टिकच्या तंत्रशाळेत जाईल की आणखी कुठं, ते त्याचं तो ठरवील. आणि सहावी सगळ्यात अवघड. कचरा ज्याचा, त्यानं वेगळा करायचा. सोसायटीतल्या साहेबानं आपलं ओलं-सुकं स्वतःच्या हातानं वेगळं करावं. ज्या दिवशी ब्राह्मणाचं, मराठ्याचं, गुजरात्याचं पोर कचऱ्याच्या मशीनवर आपल्या पोराशेजारी पाळी करील आणि सारखा पगार घेईल, त्या दिवशी त्याला मी उद्योग म्हणीन. तोपर्यंत ते वतनच.

शहरातल्या माझ्या शिकलेल्या दोस्तांनो, तुमच्यावर एक काम टाकतो. कविता नंतर वाचू. तुमच्या वॉर्डात किती माणसं कचरा वेचतात, त्यांची नावं कुठल्या सरकारी वहीत आहेत का, त्यांचा माल कुठं जातो नि काय भावानं जातो, याची वही करा. २०१६ च्या घनकचरा नियमांत वेचणाऱ्यांना ओळख द्या, व्यवस्थेत सामावून घ्या, असं लिहून आलं होतं. तुमच्या वॉर्डात किती जणांना ओळख मिळाली ते ऑफिसात जाऊन विचारा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. वही भरली की ती घेऊन त्या बायांबरोबर आपण वॉर्ड ऑफिसवर जाऊ. बोलतील त्या, आपण मागं उभे राहू.

सोनं असेल तर ते आमच्या आयांच्या बोटांनी निवडलेलं आहे. हिशेब द्या.

जयभीम.